हरवलेली किल्ली, अडकलेला मजकूर

संगणकाच्या बाबतीत ‘किल्ली’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्या घोटाळ्यात पुष्कळ लिखाण वाया जाते. एक किल्ली म्हणजे विकत घेतलेले सॉफ्टवेअर चालवण्याचा परवाना. ती कधी अक्षरांकांची ‘प्रॉडक्ट की’ असते, तर कधी संगणकाच्या पाठीमागे खोचायचे छोटेसे ‘लॉक’. दुसरी किल्ली म्हणजे त्या सॉफ्टवेअरने आपला मराठी मजकूर ज्या आकड्यांत साठवून ठेवला, त्यातला कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, याचे ज्ञान. पहिली हरवली म्हणजे दुसरीही गेली, असे समजून लेखक फाइल सोडून देतो. दरवर्षी एखादी विद्यार्थिनी किंवा एखादे निवृत्त शिक्षक सीडी घेऊन येतात आणि म्हणतात, “मॅडम, फाइल उघडते, पण वाचता येत नाही.” या एका वाक्यातच बरेचसे उत्तर आहे. फाइल उघडते, म्हणजे मजकूर शाबूत आहे.

हा प्रश्न पेडणे-डिचोलीकडच्या माणसांपुरता नाही. साधारण १९९० ते २०१० या काळात मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी खिळ्यांवरून संगणकावर आली. स्मरणिका, एकांकिका, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, प्रबंध, लोकगीतांचे संग्रह असे सगळे लहान-मोठ्या डीटीपी केंद्रांत टंकले गेले. पुस्तक छापून झाले की फाइलीचे काम संपले, अशी तेव्हा सर्वांचीच समजूत होती. आता दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली आहे, आणि जे छापलेच गेले नाही त्याची तर फाइल हीच एकमेव प्रत आहे.

आधी पहिल्या किल्लीचे पाहू. तिचे काम तुलनेने सोपे आहे.

विंडोजची प्रॉडक्ट की पंचवीस अक्षरांकांची असते आणि पाचांच्या पाच गटांत लिहिलेली असते. भाषेच्या विद्यार्थ्याने तिची वर्णमाला एकदा नीट पाहावी. एक्सपीच्या काळातील किल्लीत केवळ चोवीस चिन्हे येत: रोमन लिपीतील सतरा व्यंजने आणि सात अंक. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर तिच्यात नाहीत. शून्य नाही, एक नाही, एल नाही. पाच आणि एस एकमेकांसारखे दिसतात म्हणून दोघांनाही बाहेर ठेवले आहे. (एन हे अक्षर पुढे विंडोज ८च्या किल्ल्यांत आले.) हाताने उतरवताना चूक होऊ नये अशी ही योजना आहे आणि स्वर नसल्यामुळे चुकून एखादा अर्थपूर्ण, किंवा नको तो, शब्दही तयार होत नाही. चोवीस चिन्हांच्या पंचवीस जागा म्हणजे एकूण शक्यता पस्तीस अंकी संख्येइतक्या, तेव्हा अंदाजाने किल्ली जुळवणे ही गोष्टच विसरावी.

मग ती शोधायची कुठे? जुन्या संगणकाच्या पेटीवर किंवा लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेला कागद आधी पाहावा. तो पुसट झाला असेल तर मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढून मोठा करून पाहावा. विंडोज आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ही किल्ली सांकेतिक रूपात ठेवते. ती उलगडून दाखवणारी छोटी साधने मिळतात, निरसॉफ्टची ‘प्रोड्यूकी’ हे त्यातले परिचित नाव. संगणक सुरूच होत नसेल, पण हार्ड डिस्क धडधाकट असेल, तर ती दुसऱ्या यंत्राला जोडून तिच्यातली रजिस्ट्री वाचता येते. विंडोज ८पासून पुढच्या, कंपनीनेच विंडोज घालून दिलेल्या यंत्रांत किल्ली थेट मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते आणि पुन्हा विंडोज घालताना ती बहुधा आपोआप घेतली जाते. विंडोज १०पासून डिजिटल परवाना यंत्राशी आणि खात्याशी बांधला जातो, तिथे किल्लीपेक्षा खात्याचा पासवर्ड सांभाळणे महत्त्वाचे. ऑफिसच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्यांत मात्र संगणकावर किल्लीची शेवटची पाचच अक्षरे राहतात. पूर्ण किल्ली हवी तर खरेदीची ईमेल किंवा खातेच शोधावे लागते. महाविद्यालयातील यंत्रांवरची किल्ली बहुधा संस्थेच्या सामूहिक परवान्याची असते; ती उतरवून घरी नेणे म्हणजे ग्रंथालयाचे पुस्तक शिक्क्यासकट आपल्या कपाटात ठेवण्यासारखे आहे. ‘क्रॅक’ नावाने जे फुकट मिळते त्याच्याबरोबर काय काय घरात शिरते, ते संगणक दुरुस्त करणाऱ्यांना विचारावे.

कधी कधी किल्ली असूनही दार उघडत नाही, कारण पलीकडे ती तपासणाराच उरलेला नसतो. अडोबीने आपल्या क्रिएटिव्ह सूट २ची सक्रियता तपासणारी यंत्रणा बंद केली, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी तपासणी न मागणारी आवृत्ती आणि तिचे क्रमांक २०१३च्या जानेवारीत उपलब्ध करून दिले. जगभर अनेकांनी त्याचा अर्थ ‘सॉफ्टवेअर फुकट झाले’ असा घेतला, तो चुकीचा होता. सोय होती ती आधी पैसे भरलेल्यांची.

मराठी अक्षरजुळणीच्या जगात मात्र पंचवीस अक्षरांपेक्षा ‘लॉक’ जास्त चालले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ज्यांनी वापरली आहे त्यांना ते आठवत असेल. आगपेटीपेक्षा लहान तुकडा, आधी प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या खाचेत बसणारा आणि नंतर यूएसबीचा. सॉफ्टवेअर सुरू होताना त्या तुकड्याला हाक मारते. ओ मिळाली तरच पुढे जाते. तुकडा हरवला तर परवानाच हरवला असे विक्रेते धरतात, आणि त्यात काही अन्याय आहे असे मला वाटत नाही, कारण तोच तुकडा दुसऱ्याच्या हाती लागून तिथे काम करत असू शकतो. शिवाय आजच्या यंत्रांना ती प्रिंटरची खाचच नाही. लॉक जपून ठेवलेली काही डीटीपी केंद्रेसुद्धा याच कारणाने अडली.

तेव्हा लॉक गेले, तर काय गेले? टंकन करण्याची सोय गेली. मजकूर त्या लॉकमध्ये कधीच नव्हता. तो पेजमेकरच्या किंवा वर्डच्या फाइलीत होता आणि अजून आहे. त्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला फॉन्ट आपल्या परवान्याने आपल्याकडे असेल तर तो बसवताच पडद्यावर मराठी उमटते, छापताही येते. फॉन्ट नसेल तर त्याच जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो: डोक्यावर टोप्या घातलेली, शेपटी फुटलेली अक्षरे, मध्येच डॉलर, मध्येच कंस. आमच्या शेजारच्या, पोर्तुगीज शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी अशी छापील पाने हाती घेऊन चष्मा पुसून बराच वेळ वाचायचा प्रयत्न केला होता. अक्षरे ओळखीची, शब्द एकही नाही.

असे का होते ते समजून घेणे हाच या पाठाचा गाभा आहे. जुन्या फॉन्टमध्ये एकंदर २५६ घरे आणि त्यातलीही काही संगणकाच्या स्वतःच्या कामाला राखीव. देवनागरीची अक्षरे, अर्धी रूपे, जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, रफार हे सगळे तेवढ्यात बसवायचे. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या पद्धतीने बसवले. एका फॉन्टमध्ये ज्या घरात ‘ज’ राहतो, त्याच घरात दुसऱ्या फॉन्टमध्ये ‘त्त’ राहू शकतो. फाइलीत साठतो तो केवळ घराचा क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेत नव्हता असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये ‘इस्की’ हा संकेत प्रमाण केला होता, आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, तेही १९९१मध्येच, देवनागरीला १२८ जागा मिळाल्या त्या इस्कीच्याच जुन्या मांडणीवरून. विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरी आपल्या यंत्रांत आली. पण छपाईचा सगळा व्यवहार पेजमेकरवर होता आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत आली नाही. त्यामुळे मुद्रकांनी घराच्या क्रमांकांचीच वाट धरून ठेवली.

घराचा क्रमांक आणि अक्षर यातला फरक समजायला आमच्या गावाचे नाव पुरेसे आहे. ‘हळर्ण’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच खुणांनी साठतो: ह, ळ, र, हलन्त, ण. आपण उच्चारतो त्या क्रमाने. जुना फॉन्ट डोळ्यांनी चालतो. तो आधी ‘ह’ ठेवतो, मग ‘ळ’, मग अर्धा ‘ण’, त्याला एक उभी दांडी आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरचा रफार. रूपांतर करताना तो रफार उचलून ‘ण’च्या मागे नेऊन ठेवावा लागतो. नेला नाही तर ‘हळण’ आणि पुढे लोंबणारा एक फुटकळ ‘र्’ उरतो. ऱ्हस्व वेलांटीचे उलट. ‘किल्ला’ लिहिताना जुना फॉन्ट वेलांटी आधी ठेवतो आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ‘क’ आधी.

हळर्णचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या ताब्यातला इथला किल्ला पोर्तुगीजांनी १७४६मध्ये जिंकला आणि तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे ‘मार्केझ द अलोर्ना’ हा किताब मिळाला. ‘हळर्ण’चे ‘अलोर्ना’ होताना ‘ह’ गळला, ‘ळ’चा ‘ल’ झाला, मध्ये एक ‘ओ’ घुसला. रोमन पाटी वाचणारा परगावचा माणूस आज ‘अलोर्ना’च म्हणतो आणि त्या पाटीवरून ‘हळर्ण’पर्यंत कोणत्याही नियमाने परत येता येत नाही. ज्याला मूळ नाव ठाऊक आहे तोच येऊ शकतो. एका लिपीतून दुसरीत जाताना जे भेद पुसले जातात ते परतीच्या वाटेवर आपोआप भरून येत नाहीत.

गोमंतकीय मराठीला हा अनुभव नवा नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. नंतरही १६४९ आणि १६५४मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. यातली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांच्या आधाराने. त्यांवरून १९०७मध्ये मंगळूरला रोमनमध्येच त्याची आवृत्ती निघाली. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे भेद नकला करताना जिथे निसटले असतील, तिथे ते देवनागरीत पुन्हा उभे करायला मराठी कान लागतो. मोडी कागद वाचणाऱ्यालाही हेच करावे लागते. ऱ्हस्व-दीर्घ तिथे लिहिलेलेच नसते. जुन्या फॉन्टची फाइल ही माझ्या मते त्याच घरातली आहे आणि तिच्याकडे संगणकतज्ज्ञाइतकेच पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाने पाहायला हवे.

आता माझ्याच कामाचे थोडे सांगते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मी हळर्ण आणि आसपासच्या वाड्यांवर पौषातल्या धालोंच्या मांडावर बसून गाणी उतरवून घेतली होती. नव्वदेक पानांचा तो संग्रह म्हापशाच्या एका छापखान्यात टंकला गेला. पुस्तक काही कारणांनी निघाले नाही. पुढे मालक वारले, छापखाना बंद झाला, यंत्रे भंगारात गेली आणि लॉकही त्यांच्याबरोबर गेले. माझ्याकडे राहिली एक सीडी, तिच्यात अकरा फाइली, आणि तपासायला दिलेली बारा पानांची प्रुफे. माझ्या हस्तलिखित वह्या छापखान्यातच होत्या. गाणाऱ्या बायकांपैकी आज दोघीच हयात आहेत.

बाजारात आणि सरकारी योजनांतून फॉन्ट बदलणारी साधने मिळतात. सीडॅकचे ‘परिवर्तन’, मायक्रोसॉफ्टच्या भाषा विभागाचे ‘टीबीआयएल कन्व्हर्टर’ ही त्यातली. आपला फॉन्ट त्यांच्या यादीत असेल तर काम तासाभराचे आहे. माझा नव्हता. मग बारा पानांच्या प्रुफांचा उपयोग झाला. एका बाजूला छापलेले पान, दुसऱ्या बाजूला त्याच पानाची फाइल, अशी जोडी मिळाली की अज्ञात लिपी वाचण्याचे सगळे साहित्य हाती आले. एकेका क्रमांकासमोर अक्षर लिहीत तक्ता भरत गेले. काना, मात्रा, ‘त’, ‘न’, ‘र’ पहिल्या पानावरच मिळाले. ‘ज्ञ’साठी सातव्या पानापर्यंत थांबावे लागले. आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या सहकाऱ्याने त्या तक्त्यावरून शोधा-बदला करणारी छोटी आज्ञावली लिहून दिली. त्यात एक पथ्य आहे: अनेक क्रमांकांनी बनणारी जोडाक्षरे आधी बदलायची, सुटी अक्षरे नंतर. उलट केले तर जोडाक्षराचे तुकडे सुटे होऊन विखुरतात. वेलांट्या आणि रफार हलवण्याचे काम सर्वांत शेवटी. ज्यांच्याकडे फाइलच नाही, पण छापील पान आहे, त्यांनी ते स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख करणाऱ्या साधनाकडे द्यावे. त्याला मराठी येते, पण पान स्वच्छ हवे.

आज्ञावली चालली, पडद्यावर मराठी आली आणि खरे काम तिथून सुरू झाले. जुन्या फॉन्टमध्ये टंकणाऱ्याचे लक्ष केवळ दिसण्याकडे असे. ‘ओ’ काढायला कोणी ‘अ’ला काना-मात्रा देई, कोणी ‘आ’वर नुसती मात्रा ठेवी. कागदावर दोन्ही सारखेच. रूपांतरानंतर मात्र दुसऱ्या प्रकारचा ‘ओ’ हा ‘आ’ अधिक मात्रा म्हणूनच राहतो. डोळ्याला कळत नाही, पण ‘ओवी’ शोधायला जावे तर निम्म्या ओव्या सापडत नाहीत. ‘शुद्ध’चा ‘शुध्द’ होणे तर इतके सर्रास की काही विद्यार्थी आता तेच बरोबर समजतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये, त्याआधी तो ‘अ’वर चंद्र ठेवूनच लिहावा लागे. म्हणून एकाच ग्रंथात तो दोन प्रकारांनी आढळतो. शुद्धलेखन तपासणारी साधने इथे जपून वापरावीत. धालोंतल्या बोलीतले शब्द त्यांना चुका वाटतात आणि ती मुकाट्याने प्रमाण मराठी घालून मोकळी होतात. मी ती सोय बंदच ठेवली.

सगळ्यात जास्त अडवले ते ‘ऱ्य’ने. मराठीतला हा अर्धचंद्री ‘र’ हिंदीला नको असतो, म्हणून काही फॉन्टांत त्याला घरच नसे. मग टंकणारा रफार देऊन मोकळा होई. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ हा भेद आपण वर्गात शिकवतो. इथे तो जिवंत समोर आला. युनिकोडमध्येही ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी साठवता येतो, एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. म्हणून संपूर्ण संग्रहात एकच प्रकार ठेवण्याचा नियम करावा लागला. तो केल्यावरही एका गाण्यात ‘दर्यात’ असा शब्द उरला. प्रुफांच्या बारा पानांत ते गाणे नव्हते. वाक्यात कोणीतरी ‘दर्यात’ उतरते. हा दर्या म्हणजे समुद्र, की छापखान्याच्या फॉन्टने रफार दिलेल्या दऱ्या? पेडणे तालुक्याला दोन्ही आहे. पश्चिमेला समुद्र, आमच्या अंगाला शापोरा नदीवरून वर चढत जाणारे डोंगर. अर्थाने दोन्ही जमत होते.

उत्तर छंदात होते. ‘दर्या’ म्हणताना पहिले अक्षर जड होते, त्यावर थांबावे लागते. ‘दऱ्या’ म्हणताना थांबत नाही, पहिले अक्षर हलकेच राहते. ओळ गाऊन घेतली की निकाल लागतो. पण मला चाल आठवत नव्हती आणि कागदावर ती नव्हतीच. दोघींपैकी एका मावशींकडे गेले. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. ओळ सांगितली तर म्हणाल्या, “बाय, अशी बसून नाही आठवत. पायां लागतात त्याला.” मग सुनेच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या, ओसरीतच चार पावले पुढे गेल्या, चार मागे आल्या आणि तिसऱ्या फेरीला ओळ आली. पहिले अक्षर हलके होते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, संग्रहात ‘दऱ्यांत’ केले आणि तळटीपेत फाइलीतला पाठ ‘दर्यात’ असा नोंदवला.

अकरांपैकी नऊ फाइली आता पूर्ण वाचता येतात. उरलेल्या दोहोंत अकरा ठिकाणी एक क्रमांक असा येतो की तक्त्यात त्याला अजून अक्षर नाही. तिथे मी चौकट ठेवली आहे. यंदाच्या पौषात दोघींनाही मांडावर आणायचे ठरले आहे.